पडद्यामागचे पाच जण

व्यंकटीनं कागद उलगडला तेव्हा तो घड्यांवर इतका झिजलेला होता की त्यातून उजेड आरपार येत होता. टाइपरायटरच्या डोक्यावर तो पसरून व्यंकटी म्हणला, "ह्याच्यासारखीच अर्जी पायजे. गावाचं नाव तेवढं बदला. अन् ते घशाचं अन् फायलीचं वाक्य हाय बघा, ते मातर ऱ्हाऊ द्या. त्या वाक्यानं टँकर येतोय." कचेरीसमोर लिंबाखाली टेबल टाकून बसणारा टायपिस्ट भीमा तेव्हा दुसऱ्याच कुणाचा अर्ज ठोकून राहिला होता. त्यानं मान न उचलता तिरक्या डोळ्यानं बघितलं. 'जनतेच्या घशाला कोरड आणि फायलीला ओल.' खाली सात अंगठे, एक सही, अकरा फेब्रुवारीची तारीख. कार्बनची निळी नक्कल. डाव्या बाजूला फायलीत टोचायला सोडलेली दोन बोटं जागा. एवढी जागा सगळ्या लातुरात एकच माणूस सोडत होता. न्हाव्याच्या दुकानात मागचा आरसा धरला की एकदम आपलीच मान मागून दिसते, अन् क्षणभर वाटतं हा कोण बसलाय इथं, तसं भीमाला झालं. त्याची बोटं बटणांवर तशीच राहिली.

"ही कुणी करून दिली?" त्यानं विचारलं. व्यंकटी हसला. त्याला वाटलं टाइपवाला चेष्टा करतोय. ही त्याच्या साडूच्या गावची अर्जी, देवणीकडची, अन् साडूसंगं त्या दिवशी तो स्वतः हितं आला होता. ह्याच लिंबाखाली, ह्याच टेबलापुढं उभं राहून त्यानं बिडी ओढली होती. "तुमीच तर केली की," तो म्हणला. "साडू म्हणला जरा जोरात लिवा, सायबाला टोचलं पायजे. तुमी इकडं तिकडं बघितलं अन् धडधड धडधड लिवून टाकलं. आठव्या दिवशी टँकर आला. आता आजूबाजूची पाच गावं तसलीच अर्जी करून राहिलीत."

आता ह्यात एवढं हादरायचं काय, असं व्यंकटीच्या जागी कुणालाही वाटलं असतं. पण ह्याच वाक्यावर भीमाचा सगळा ग्रंथ उभा होता. गेल्या तीन महिन्यांत ते वाक्य त्यानं चार वेगवेगळ्या वर्तमानपत्रांतून कातरून वहीत चिकटवलं होतं. एका मंत्र्याच्या भाषणात ते रेडिओवर ऐकलं होतं, अर्धी दाढी झालेली असताना, अन् तसाच साबण गालावर घेऊन तो दुकानाच्या बाहेर आला होता. नांदेडात एका मोर्चाच्या फलकावर ते लाल रंगात बघितलं होतं. सगळीकडं तेच शब्द, तोच क्रम. चार वर्तमानपत्रं, एक मंत्री अन् एक मोर्चा, जे एकमेकांचं तोंड बघत नाहीत, त्यांच्या तोंडात एकच वाक्य कसं येतं? म्हणजे कुणीतरी ते घालतंय. कुणीतरी बसलंय मागं, जो ठरवतो की सरकारनं काय बोलायचं, पेपरानं काय छापायचं अन् विरोधकांनीही काय ओरडायचं. असं भीमानं लिहिलं होतं, अन् लिहिताना त्याच्या अंगावर काटा आला होता. ग्रंथाचं नाव होतं 'पडद्यामागचे पाच'. त्यातल्या पहिल्याचं नाव पहिल्या प्रकरणात सरळ, पत्त्यासकट दिलेलं होतं, कारण भीमाला भ्यायचं नव्हतं. नांदेडचे रेणुकादास गुरुजी. अन् त्या पहिल्या प्रकरणाचा फर्मा, म्हणजे जुळवून बांधलेली आठ पानं, आज बुधवारी, दुपारी चार वाजता, नांदेडला नरसिंगच्या छापखान्यात मशीनवर चढणार होता.

त्यानं व्यंकटीला बसवलं अन् टेबलाखालची पत्र्याची पेटी ओढली. सगळ्या अर्जांच्या नकला तो त्यात ठेवायचा. फेब्रुवारीचा गठ्ठा काढला. ते वाक्य तिसऱ्याच कागदावर निघालं. मग सातव्या. मग सलग चार. एकोणीस मोजल्यावर त्यानं पेटी बंद केली. गंमत म्हणजे त्याला ते लिहिलेलं अजिबात आठवत नव्हतं. दिवसाला तीस तीस अर्ज व्हायचे, अन् भीमाचं टाइप करणं असं की दहा मिनिटं बोटं गप, मग एकदम पाऊस पडल्यासारखी सुटायची. टायपिंगच्या क्लासात तो कधी गेलेला नव्हता. बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलनं सगळी बटणं काढून त्यानं दोन वर्षं पुठ्ठाच बडवला होता. आई धुरपताबाई म्हणायची, लेकरू येडं झालं की काय, आवाज नाही काही नाही अन् बोटं नाचवतंय. म्हणून असेल, त्याची बोटं जरा त्याच्यापासून वेगळी राहत होती. लोक यायचे, जोरात लिवा म्हणायचे, बोटं जोरात लिहायची, भीमा तोवर मनात ग्रंथ लिहायचा. पडद्यामागचे लोक शोधायचा. लिंबाच्या सावलीत बसलेला माणूस सोडून सगळीकडं शोधायचा.

जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कलेक्टर कचेरीच्या काही खोल्यांना अजून नव्या रंगाचा वास होता अन् काही दफ्तरं अजून भाड्याच्या घरात होती, जिथं स्वयंपाकघराच्या ओट्यावर फायली अन् देवळीत शिक्के. नवा जिल्हा म्हणजे लोकांना वाटायचं आता सरकार अंगणात आलं, काही पाहिजे असलं की जाऊन सांगायचं. मग पाऊस गेला, विहिरी गेल्या, अन् लोक सांगायला आले. भीमाचं टेबल त्या गर्दीतच वाढलं. व्यंकटीला "आलोच" म्हणून तो रस्ता ओलांडून आवक-जावकच्या खोलीत घुसला. तिथं विशाखा बसायची. भोकरची पोरगी, स्वतःच्या हिमतीनं परीक्षा देऊन नोकरीला लागलेली, अन् दिवाळीनंतर तिचं भीमासंगं लग्न ठरलेलं. तिचे वडील मास्तर. त्यांनी होकार दिला तेव्हा एकच विचारलं होतं की पत्रिकेत नावापुढं काय घालायचं, टायपिस्ट का लेखक. भीमा म्हणला होता, लेखक घाला, दसऱ्याच्या आत ग्रंथ तुमच्या हातात देतो.

विशाखानं कागद बघितला, भीमाकडं बघितलं अन् तिला कळेनाच की ह्यात नवं काय. "तुमाला ठावं नव्हतं?" ती म्हणली. "मला वाटलं तुमी जाणूनबुजून घालून राहिलात." मग तिनं सगळं सांगितलं, एखाद्या लेकराला बेरीज समजवावी तसं. दर शनिवारी आलेल्या अर्जांचा गोषवारा तिला काढावा लागतो. वीस अर्जांत एकच वाक्य दिसलं, वाक्य छान होतं, म्हणून तिनं ते गोषवाऱ्यात वर घातलं. पेपरवाले तिच्याच टेबलावर वाकून गोषवारा उतरवून घेतात, त्यांना मथळा आयता मिळाला. साहेबांनी गोषवारा वर पाठवला. वरच्यांनी आणखी वर पाठवला. तिथं कुणीतरी मंत्र्याच्या भाषणात टाकला. मोर्चावाल्यांनी पेपरातून घेतला. अन् गेल्या पंधरवड्यात वरून एक परिपत्रक आलं, त्यातही तेच वाक्य, अन् तेही विशाखानंच आवक केलं. "तुमच्या टेबलावरून वर गेलं अन् फिरून माझ्या टेबलावर आलं," ती म्हणली, अन् मग तिला हसू आलं. ती हसायला लागली की थांबायची नाही. शेजारचे मोठे कारकून चष्म्यावरून बघायला लागले. तिनं पदर तोंडाला लावला, माठातलं पाणी प्यायली, पुन्हा हसली. भीमाला राग यायला पाहिजे होता, पण त्याला ते हसणं आवडत होतं. मग ती एकदम थांबली. "अन् त्या गुरुजींचं काय?" भीमानं सांगितलं, चारला फर्मा चढणार. "मग हितं काय करून राहिलात?" विशाखा म्हणली. भीमा पुटपुटला की ते प्रकरण काढलं तर ग्रंथच राहत नाही, अन् ग्रंथ नाही तर पत्रिकेत... ती म्हणली, "पत्रिकेचं मी बघते. म्हाताऱ्या माणसाचं नाव हाय ते."

छापखान्यात फोन नव्हता. शेजारच्या किराणा दुकानात होता, त्यावर त्यानं कचेरीतून दोनदा लावून बघितलं, नुसता समुद्रासारखा आवाज. अकराची नांदेड गाडी त्यानं पळत धरली. व्यंकटीला पळता पळता सांगितलं की अर्जी उद्या सकाळी, तर व्यंकटी मागून ओरडला की वाक्य विसरू नका म्हणजे झालं.

खिडकीजवळची जागा मिळाली. खिडकीची सळई तापलेली, तिच्यावर हात ठेवायचा अन् उचलायचा, ठेवायचा अन् उचलायचा. गाडी शहराच्या बाहेर पडली तशी भीमाच्या डोक्यात ग्रंथाची पानं उलटी उलटायला लागली. गुरुजी त्याला सापडले कसे? तर चारपैकी तीन वर्तमानपत्रांची माणसं रोज संध्याकाळी गोदावरीच्या बाजूच्या एका गल्लीत जातात, हे त्याला कळालं. दोन रविवार तो त्या गल्लीत, घरासमोरच्या सायकलीच्या दुकानात, पंक्चर नसलेली सायकल घेऊन बसला होता. त्यानं डोळ्यांनी बघितलं. माणसं कागदाची भेंडोळी घेऊन आत जात होती अन् भेंडोळी घेऊन बाहेर येत होती. आत जाताना रमतगमत, बाहेर येताना घाईनं. ओसरीवर एक म्हातारा बसलेला, अंगात बंडी, कानावर लाल पेन्सिल. तो फारसा बोलत नव्हता. न बोलणाऱ्या माणसाचंच खरं वजन असतं, असं भीमानं त्या रात्री लिहिलं होतं. आता तेच वाक्य आठवून त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाकीचे चार त्यानं कसे धरले होते? एक वकील, कारण त्याच्या घरापुढं सरकारी जीप दोनदा दिसली. एक पेपरचा एजंट, कारण गठ्ठे त्याच्याकडं पहाटे येतात अन् तो कुणाच्या आधी बातम्या वाचतो. एक बंगल्यातला माणूस, जो कधी बाहेरच पडत नाही. अन् एक टँकरवाला. टँकरवाल्याबद्दल मात्र त्याला आत्ताही शंका नव्हती. टँकर कुठल्या गावाला आधी जातो अन् का जातो, हे त्यानं तारखेवार लिहून ठेवलं होतं. पण तो लपलेला कुठं होता? टँकरवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याचं नाव लिहिलेलं होतं, खाली फुलाची वेल काढून.

चाकूरच्या अलीकडं रस्ता जरा चढतो. तिथं भीमा दर वेळी खिडकीतून खाली बघायचा, कारण हा तुकडा धुरपताबाईचा होता. बहात्तरच्या दुष्काळात ती इथं खडी फोडायला होती अन् अकरा-बारा वर्षांचा भीमा तिच्याजवळ बसून फुटलेली खडी टोपल्यात भरायचा. अजूनही ती ह्या रस्त्यानं गाडीत बसली की शेजारच्या अनोळखी बाईला सांगते की ही सडक माझी हाय, अन् सांगताना असा चेहरा करते की जणू जरा वेळानं ती गाडी थांबवून रस्ता घरी घेऊन जाईल. त्या कामावर एक मुकादम होता. कामावर खायला मिळणारी सुकडी कमी का आली, तर म्हणायचा, वरून कमी आली. काम आज का बंद, वरून हुकूम आलाय. पोरांना कामावर का नाही घेत, वरून सांगितलंय. भीमानं एकदा त्याला विचारलं होतं, वर कोण असतंय? मुकादमानं खरंच वर बघितलं होतं. म्हणजे ऊन होतं म्हणून डोळ्यावर हात धरून, आभाळाकडं. अन् म्हणला होता, मला काय ठावं बाबा, मला बी खालीच ठेवलंय. ते भीमाच्या डोक्यात जे रुतलं ते रुतलं. पुढं तो गुंडाळून आलेल्या पेपराच्या तुकड्यांवर वाचायला पक्का झाला, वाचनालयातली राजकारणाची सगळी पुस्तकं त्यानं क्रमानं संपवली, कळाली नाहीत ती दोनदा, पण शोधत होता तो एकच माणूस. वरचा. तो कसा दिसत असेल? भीमाला तो नेहमी स्वच्छ दिसायचा. पायाला माती नसलेला. एका थंड खोलीत बसून एकेक वाक्य खाली सोडणारा, जसं आडात बादली सोडतात.

अन् ती खोली म्हणजे लिंबाखालचं टेबल, ज्याचा एक पाय आखूड म्हणून खाली वीट. भीमाला गाडीतच हसू फुटलं. शेजारी कलिंगड मांडीवर घेऊन बसलेला माणूस त्याच्याकडं बघायला लागला. पुढच्या बाकावर दोघं जण नेहमीचंच बोलत होते की सगळं ठरलेलं असतंय, वरून पाणी बंद केलंय, कुणाला ठावं कोण बसलंय वर. भीमाला त्यांच्या खांद्याला हात लावून सांगावंसं वाटलं. पण काय सांगणार? मीच बसलोय, हितं, तुमच्या मागच्या बाकावर? अन् हसता हसता त्याला आतून काहीतरी बोचलं. कारण खरं बोलायचं तर त्याला दुःखही होत होतं. पाच जण होते तोवर जग नीट बांधलेलं होतं. वाईट असेल, पण बांधलेलं. कुणीतरी ठरवत होतं. आता बघितलं तर एक बाई गोषवारा काढते, एक वार्ताहर वाकून उतरवतो, एक साहेब वर ढकलतो, प्रत्येकाला वाक्य आवडतं, एवढंच. कुणी ठरवतच नाही म्हणजे मग भांडायचं कुणाशी? अहमदपूरला गाडी थांबली, अर्धे लोक नळाकडं पळाले, नळ कोरडा निघाला, सगळे हसत परत आले अन् कलिंगडवाल्याकडं बघायला लागले. त्यानं शेवटी वैतागून तिथंच ते फोडलं. भीमालाही एक फोड मिळाली. कोमट, पण गोड. बिया खिडकीतून थुंकताना त्यानं ठरवलं की काही झालं तरी गुरुजींचं नाव जाऊ द्यायचं नाही. मग ग्रंथ राहो न राहो. लोह्यापर्यंत तो निर्णय घट्ट होता. लोह्याच्या पुढं जरा सैल झाला. त्याला वाटायला लागलं की वाक्य जरी आपलं असलं तरी गुरुजी कशात तरी असतीलच, ती भेंडोळी कसली होती मग? आपण दोन रविवार उगाच बसलो नव्हतो. चार वर्षांची मेहनत, रोज पेपर कातरून बोटाला पडलेला घट्टा, हे सगळं एका कार्बन नकलेवर सोडायचं? सासरा पत्रिका हातात घेऊन विचारेल, काय झालं ग्रंथाचं? मग पुन्हा त्याला विशाखाचं हसणं एकदम थांबलेलं आठवलं. नांदेडचा पूल आला तेव्हा खाली गोदावरीत पाण्यापेक्षा वाळू जास्त होती अन् त्याच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

छापखाना बाजारातल्या एका बोळात. भीमा आत शिरला तर रॉकेलचा वास, शिशाच्या अक्षरांच्या, खिळ्यांच्या खणांवर वाकलेला नरसिंग, अन् मशीनजवळ खुर्ची टाकून बसलेले, कानावर लाल पेन्सिल लावलेले, साक्षात रेणुकादास गुरुजी. त्यांच्या मांडीवर कागदाचं भेंडोळं. त्यावर भीमाला उलट्या बाजूनंही वाचता आलं, 'प्रकरण पहिलं'.

भीमाचे पाय दारातच राहिले. नरसिंगनं मोठ्या प्रेमानं ओळख करून दिली, हे आपले लेखक लातूरचे, अन् हे गुरुजी. नांदेडातल्या सगळ्या छापखान्यांची अन् सगळ्या पेपरांची मुद्रितं हेच तपासतात, तीस वर्षं झाली, तुमचीही सगळी ह्यांनीच बघितली. भेंडोळी. भीमानं डोळे मिटून घेतले. गल्ली, सायकल, आत रमतगमत अन् बाहेर घाईनं. चुका दुरुस्त झाल्या की पेपर छापायला जातो, मग घाई होणारच.

"ये, बस," गुरुजी म्हणाले. "तुझी लेखणी चांगली आहे. ऱ्हस्वदीर्घाचं काही विचारू नकोस, पण लेखणी चांगली आहे. एक तपशील तेवढा चुकलाय. सायंकाळी सहा वाजता मी संपादकांना आदेश देतो असं लिहिलंयस. सहाला नळ येतो, मी पाणी भरतो. तिथं सात करून टाकलंय मी."

भीमानं बघितलं, त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. राग तर नव्हताच. नीट बघितल्यावर त्याला दिसलं की म्हातारा खूश आहे. गुरुजींनी सांगितलं की प्रकरण त्यांनी घरी नेऊन बायकोला, पार्वतीबाईंना, मोठ्यानं वाचून दाखवलं. बाईंनी आधी विचारलं, तुम्ही? मग पुन्हा वाचायला लावलं. मग तीन दिवस चहात साखर जरा जास्त पडत होती. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, घरात भाजी कुठली करायची हेसुद्धा, अन् इथं लिहिलेलं होतं की हा माणूस भुवई उचलतो अन् मुंबईत फायली हलतात. आरशात त्यांनी भुवई उचलून बघितली होती. हे सांगताना ते लाजले.

भीमानं खिशातली नक्कल काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. "गुरुजी, ते समदं खोटं हाय," तो म्हणला. "तुमी न्हाईत त्यो. मीच हाव." नरसिंगचा हात खणावर थांबला. मग भीमानं सगळं सांगितलं, टेबल, एकोणीस नकला, गोषवारा, परिपत्रक, अन् सांगताना त्याला वाटलं की हे आपण पहिल्यांदाच कुणाला तरी स्वतःबद्दल सांगून राहिलोय. गुरुजींनी नक्कल दोनदा वाचली. त्यांचे खांदे जरा खाली आले, एखाद्यानं अंगावरची शाल परत मागावी तसे. "वाक्य तुझं आहे?" त्यांनी विचारलं. भीमा हाव म्हणला. "चांगलं आहे," ते म्हणाले. मग मशीनच्या चाकाकडं बघत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले की पेपरात जागा कमी पडली की एखादी ओळ काढ म्हणून त्यांनाच सांगतात. हे वाक्य तीनदा काढायच्या ओळीत आलं होतं. तीनदा त्यांनी दुसरीच ओळ काढली.

"म्हंजे थोडे तुमी बी हाव," भीमा म्हणला.

"थोडा," गुरुजी म्हणाले, अन् खांदे निम्मे वर आले.

नरसिंगला हे सगळं ऐकून एकच कळालं की फर्मा चढणार नाही. तो म्हणला, जुळलेली आठ पानं मोडायची म्हणता, अन् त्या जागी काय कोरी पानं छापू? रात्री दुसऱ्याचं काम मशीनवर चढणार आहे, आत्ता दिलं तर दिलं, न्हाईतर तुमचा ग्रंथ दिवाळीनंतर. भीमानं कागद मागितला. दगडी ओट्यावर, जिथं पानं बांधतात, तिथं उभ्यानंच तो लिहायला लागला. टाइपरायटर नव्हता, म्हणून बोटांना पळून जायला जागा नव्हती. पहिलाच शब्द लिहिला अन् तो थबकला. 'मी'. हा शब्द त्यानं जन्मात हजारो वेळा लिहिलेला होता. मी खाली सही करणार, राहणार अमुक गाव, कारणे विनंती अर्ज करतो की. प्रत्येक अर्ज 'मी'नंच सुरू व्हायचा अन् त्यातला मी कधी व्यंकटी असायचा, कधी व्यंकटीचा साडू, कधी अंगठ्यापुरती पुढं आलेली एखादी म्हातारी. भीमा त्यात कधीच नव्हता. त्याला आपला हात जड वाटला, मग हळूहळू हलका. मी भीमा, धुरपताबाईचा मुलगा. मी लिंबाखाली बसतो. मी एक वाक्य लिहिलं अन् विसरलो. मी ते वाक्य ज्यानं सोडलं त्याला तीन महिने शोधलं. त्यानं टँकरवाल्याला तारखांसकट ठेवलं, पण पडद्यातून काढून उघड्यावर आणलं. वकिलाला सोडलं, एजंटाला सोडलं, बंगल्यातल्या माणसाला तर बिचाऱ्याला ओळखतही नव्हता. वरून खाली सगळं येतं असं मला वाटायचं, त्यानं लिहिलं, पण मी बघितलं की खालून गेलेलंच वर जाऊन कपडे बदलून येतं. अन् मग जे आमचंच आहे ते आम्ही हात जोडून मागतो. हे लिहिल्यावर तो थांबला. हे बोटांनी लिहिलेलं नव्हतं.

एकेक कागद संपला की नरसिंग तो ओढून घ्यायचा अन् खिळे जुळवायचा. तिसऱ्या पानावर तो वैतागून म्हणला, "लेखक, जरा आवरा. मी मी किती लिवलाय? 'म'चा खण खाली झाला." भीमानं ओशाळून बघितलं. पण कमी करायला त्याचं मन होईना. शेवटी नरसिंगनं बाजूला बांधून ठेवलेली एका मंगल कार्यालयाची जाहिरात सोडली अन् त्यातले 'म' काढून घेतले.

गुरुजींनी ओली मुद्रितं घेतली अन् वाचायला बसले. लाल पेन्सिल इकडं एकदा, तिकडं दोनदा. भीमा समोर उकिडवा बसून त्यांच्या भुवईकडं बघत होता. शेवटच्या पानावर ती जराशी उचलली गेली अन् भीमा पुढं सरकला. "ग्रंथाचं नाव आता बसत नाही," ते म्हणाले. "पाच कुठं राहिले?" भीमा म्हणला, मोजा की. मी, विशाखा, तो वाकून उतरवणारा वार्ताहर, वर ढकलणारे साहेब अन् ओळ न काढणारे तुम्ही. गुरुजींनी बोटांवर मोजलं. पाच भरले. पण मग त्यांना आठवलं की नव्या प्रकरणात त्यांचं नाव कुठंच आलेलं नाही, नुसतं 'एक जाणकार गृहस्थ' आहे. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, अन् पार्वतीबाईंना काय सांगायचं असं काहीतरी अर्धवट म्हणाले.

भीमानं त्यांच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली. मुखपृष्ठानंतरचं जे पान असतं, ज्यावर छापखान्याचं नाव अन् आवृत्ती असते, ते अजून रिकामंच होतं. त्यावर त्यानं बारीक अक्षरात, पण नीट, लिहिलं: मुद्रितशोधन, रेणुकादास गुरुजी, नांदेड.

गुरुजींनी ते लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. "हे पान कोण वाचतं?" ते म्हणाले.

"कुणीच न्हाई," भीमा म्हणला. "म्हणून तर. पडद्यामागचं पान हाय ते."

गुरुजींनी पुन्हा त्या पानाकडं बघितलं, मग त्यांच्या लक्षात आलं, अन् ते असे हसले की नरसिंगनं मशीनचं चाक सुरू केलं तरी त्यांचं हसू त्याच्या वरून ऐकू येत राहिलं.